सिग्नलला काटा चढतो आणि पाणीही कमी होतं: जुन्या गाडीचा तपास कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांची २००७ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली, मागाहून एलपीजी किट बसवलेलं. मार्च संपल्यापासून दुपारी एसी लावून सात रस्ता, पार्क चौक या भागात अडकलं की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. हायवेला मोहोळपर्यंत काही त्रास नाही, पण तुळजापूरचा घाट चढताना पुन्हा काटा वर. तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं, तेही बोअरचं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, मागच्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीने ‘सोलापुरात याची गरजच नाही’ म्हणून काढून टाकला. आता एक जण रेडिएटर बदला म्हणतोय. दुसऱ्याने रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे पाहून हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उघडावं लागेल असं सांगितलंय. कोणाचं ऐकू, असं ते विचारतात.

आत्ता तरी कोणाचंच नको. दोघांपैकी एकाचं बरोबर निघू शकतं, पण दोघांनीही तपास न करता पार्टचं नाव घेतलंय. तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. इंजिनातली उष्णता बाहेर का पडत नाही, हा एक. पाणी जातंय कुठे, हा दुसरा. नव्या गाडीत बहुतेक वेळा एकच दोष असतो आणि त्यातच दोन्हींचं उत्तर मिळतं. इतक्या वर्षांच्या गाडीत तसं धरून चालू नका. रेडिएटर बदलला म्हणून पाणी जायचं थांबेल असं नाही, आणि हेड उघडलं म्हणून सिग्नलचा त्रास जाईल असंही नाही. फुकटच्या तपासण्या आधी, पाच-पन्नास रुपयांच्या नंतर आणि खर्चाच्या सगळ्यात शेवटी, असं जाऊ.

आधी हे समजून घ्या की त्रास मार्चनंतरच का दिसायला लागला. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि जानेवारीच्या दुपारची हवा २८ अंशांवर असेल तर फरक ६७चा. मे महिन्यात हवा ४४ झाली की तोच फरक ५१ वर येतो. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची जवळजवळ पाव ताकद गेली. त्यात एसी लावला की एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असतो, त्याची गरम हवाही रेडिएटरच घेतो. त्यामुळे सोलापुरात उन्हाळ्यात ‘अचानक’ गरम व्हायला लागलेली गाडी बहुधा वर्षभर अर्धवट आजारी असते. थंडीत ते झाकलं जातं, एवढंच.

आता तुमची लक्षणं. उभ्या गाडीत गरम, पळत्या गाडीत ठीक, याचा सरळ अर्थ हवा कमी पडतेय. हायवेला ताशी ६०-७०च्या वेगाने वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, फॅनची गरजच नसते. सिग्नलला सगळा भार फॅनवर. याउलट पळताना किंवा चढावर गरम होणं म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही, रेडिएटर आतून चोक आहे, किंवा पाणी मुळात कमी आहे. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आहेत. घाटात इंजिनावर लोड जास्त, वेग कमी, वारा कमी, त्यामुळे तिथे हवा आणि पाणी दोन्हींची परीक्षा होते. नुसत्या घाटावरून निष्कर्ष काढू नका.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगतो. गरम इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी १००च्या थोडं आतच उकळतं. कॅपवर ०.९ असा आकडा असतो तो दाबाचा. त्या दाबामुळे आतलं पाणी ११८च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तुम्ही कॅप उघडताक्षणी दाब जातो, शंभराच्या वरचं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. हाताची, तोंडाची कातडी सोललेली माणसं मी पाहिली आहेत. इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप हाताने दाबून बघा, तो मऊ आणि कोमट लागला तरच जाड टॉवेल टाकून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना कॅप काढा आणि आत बघा. पाणी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे वरचेवर दिसतं. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा व्हॉल्व्ह दाब वाढला की जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो. मधला छोटा व्हॉल्व्ह गाडी थंड झाली की बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. छोटा अडकला किंवा बाटलीची बारीक नळी कुठे तडकली असेल, तर पाणी बाहेर जातं आणि परत येत नाही. मग तुम्ही रोज रेडिएटर भरता आणि बाटली उतू जाते. गाडी थंड झाल्यावर होज पाइप चपटा झालेला दिसला तर तोही याच छोट्या व्हॉल्व्हचा दोष. कॅपचं रबर कडक झालंय, चिरलंय, त्यावर पांढरा थर बसलाय, असं दिसलं तर कॅप बदलून टाका, त्याच आकड्याची घ्या. जास्त आकड्याची घातली तर जुने होज आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या फाटतात. नवी कॅप तपासणीचा भाग म्हणूनच बदला, इतकी ती स्वस्त आहे.

मग फॅन. सिग्नलचा त्रास असेल तर माझा पहिला संशय इथेच. एक साधा प्रश्न: सिग्नलला एसीची हवाही कोमट होते का, आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार होते का? तसं असेल तर निम्मं निदान झालं, कारण तोच फॅन कंडेन्सरमधूनही हवा ओढतो. आता गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागलाच पाहिजे. वर्तमानपत्राचा अर्धा कागद पुढच्या जाळीसमोर धरा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. नुसताच फडफडला तर फॅन हळू फिरतोय. उलट तुमच्याकडे ढकलला गेला तर फॅन उलटा फिरतोय. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण बाजारातून मोटर बदलून आणली आणि वायरी उलट जोडल्या की असंच होतं. फॅन फिरताना दिसतो, आवाजही येतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. पण पळत्या गाडीत वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलली जाते आणि उभ्या गाडीत इंजिनाच्या बाजूची गरम हवा रेडिएटरमधून पुढे फेकली जाते. अशा एका गाडीचे दोन रेडिएटर बदलून झाल्यावर ती माझ्याकडे आली होती. दोन वायरींची अदलाबदल केली आणि काटा जागेवर बसला.

फॅन हळू फिरत असेल तर त्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट करंट द्या. थेट दिल्यावर जोरात फिरला तर दोष रिले, फ्यूज, अर्थिंग किंवा काळ्या पडलेल्या टर्मिनलमध्ये. थेट देऊनही रडत फिरला तर मोटरचे कार्बन ब्रश किंवा बुश संपलेत. मोटर गार असताना ठीक आणि तापल्यावर मंद, असंही होतं, म्हणून दहा मिनिटं चालू ठेवून बघा. मग एसी बंद करून गाडी उभी ठेवा आणि फॅन स्वतःहून कधी लागतो ते पाहा. काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत तो लागला पाहिजे. एसीवर लागतो पण एकट्या पाण्याच्या तापमानावर लागत नाही, तर सेन्सर किंवा थर्मो स्विच तपासा. हे सगळं करताना हात फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी फॅन एकदम सुरू होतो. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर कोणी काढून टाकलं असेल तर परत बसवा. त्याच्याशिवाय फॅन फक्त समोरच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात.

आपल्या गावाचा म्हणून एक खास त्रास आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, जिथे यंत्रमाग चालतात, तिथे रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत सुताचा तूस साठतो. ऊस हंगामात त्यात पाचटाचा बारीक कचरा येतो, वर धूळ बसते आणि त्याची नमद्यासारखी घट्ट चादर तयार होते. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो. घाण मधे असते. वरचे दोन बोल्ट सैल करून रेडिएटर दोन बोटं मागे घ्या आणि टॉर्च मारा. धुताना साध्या पाइपचं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पापुद्रे आडवे पडतात आणि वाट कायमची बंद होते. तुम्ही त्या भागातून रोज जात असाल तर दर मार्चमध्ये हे एकदा कराच.

बाहेरून हवा ठीक असेल तर मग आतली वाट. यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कोरोनात घराघरात आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो शरीराच्या तापमानापुरताच असतो. वर्कशॉपचा घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा. गाडी पूर्ण तापल्यावर, फॅन एकदा लागून बंद झाल्यावर, इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजत जा. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वरचा आणि खालचा होजही मोजा. दोन्ही जवळपास सारखेच तापलेले असतील तर पाणी फिरतंय पण थंड होत नाही, म्हणजे पुन्हा हवेचा प्रश्न. वरचा भाजतोय आणि खालचा अगदीच कोमट, तर पाणी फिरतच नाही: रेडिएटर चोक, पंप निकामी, किंवा थर्मोस्टॅट बंद. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नाही, त्यामुळे ती शक्यता सोडा.

चोक व्हायचं कारण तुम्हीच लिहिलंय: बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड. त्यातले क्षार तापलं की सुटतात आणि सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, खपली धरतात. रेडिएटर बदलता येतो, हेडमधली खपली सहजासहजी निघत नाही. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, त्यामुळे वॉटर पंपाची पाती आतून खाल्ली जातात. पंप बाहेरून नवा दिसतो, पुली फिरते, पण आत पाणी ढकलायला काही उरलेलं नसतं. नुसत्या पाण्याला उष्णता वाहून नेणं कूलंटपेक्षा चांगलं जमतं हे खरं आहे, काही मिस्त्री तेच सांगून पाणी टाकतात. पण गंज, क्षार आणि लवकर उकळणं या तिन्हींत ते मार खातं.

थर्मोस्टॅटबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण तो काढून टाकायची पद्धत आपल्याकडे फार रुजलीय आणि तिने गाड्यांचं नुकसान होतं. ‘पाणी फार वेगाने फिरतं आणि त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असं जे कारण सांगतात ते बरोबर नाही. खरं नुकसान वेगळं आहे. कित्येक इंजिनांत पंपाकडे परत जाणारी एक आडवाट असते. थर्मोस्टॅट उघडताना ती आडवाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतो, आणि नेमक्या घाटात गाडी जास्त तापते. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे इंजिनाच्या आत पाण्याचा दाब थोडा जास्त राहतो, तो हेडच्या तापलेल्या जागी वाफेचे फुगे धरू देत नाही. तोही आधार जातो. सकाळी गाडी वेळेवर तापत नाही, कॉम्प्युटर इंजिन गार समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइल खराब होतं, ॲव्हरेज पडतं. तुमच्या बाबतीत आणखी एक: एलपीजी किटचा व्हेपोरायझर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणारा भाग, याच गरम पाण्यावर चालतो. पाणी गार राहिलं तर द्रव गॅस नीट फुलत नाही, व्हेपोरायझरवर बाहेरून दव किंवा बर्फ धरतो, गाडी आचके देते आणि आतले रबरी पडदे, गॅस्केट लवकर जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवा थर्मोस्टॅट आणा आणि बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत चांगली उघडली पाहिजे. आकडा गाडीच्या कंपनीने दिलाय तोच घ्या, ‘उन्हाळ्यासाठी कमीचा’ वगैरे करू नका. बसवताना छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, अडकलेली हवा तिथून निघते.

पंपाचं थोडक्यात. पट्टा ढिला असेल तर पंप घसरतो. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. पुली हाताने हलवून खेळ बघा. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथे ओला किंवा वाळलेला ओघळ दिसला तर आतलं सील गेलंय. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट नसल्याने थंड असतानाच कॅप काढून इंजिन चालू करा आणि रेस वाढवा, रेडिएटरच्या तोंडात पाणी पळताना दिसलं पाहिजे. रेस वाढवल्यावर खालचा होज आत ओढला जाऊन चपटा झाला तर रेडिएटर चोक आहे किंवा होजच्या आतली स्प्रिंग गेलीय.

आता दुसरा प्रश्न, पाणी जातंय कुठे. तीन-चार दिवसांना अर्धा लिटर ही वाफ नव्हे, गळती आहे. गाडी तापलेली असताना थेंब पडतो आणि इंजिनावरच वाळतो, म्हणून खाली डबकं दिसत नाही. सकाळी टॉर्च घेऊन पांढरे किंवा हिरवट वाळलेले डाग शोधा: होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते त्या सांध्यावर, पंपाच्या भोकाखाली, इंजिन ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्यांभोवती. पुढच्या सीटपाशी मॅट उचलून हात लावा. ओलं लागलं, गोडसर वास आला, काचेवर चिकट धूसर थर येत असला तर हीटरची जाळी फुटलीय. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, म्हणून तो कोणाला आठवतही नाही. आणि एलपीजी किटवाल्याने हीटरच्या पाइपांत जिथे टी जोड टाकलेत ते सगळे सांधे नक्की बघा. स्वस्त क्लिपा तिथे हमखास सैल होतात.

डोळ्यांनी सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावणारं गॅरेज गाठा. कॅपच्या जागी हातपंप लावून थंड इंजिनात कॅपच्या आकड्याएवढा दाब भरतात. दहा-पंधरा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय किंवा हीटरमध्ये. ही तपासणी न करता हेड उघडायला कोणी सांगत असेल तर गाडी परत घेऊन या.

गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना रस्त्यावरचा उपाय कोणी सांगेल, बाटलीतलं गळतीबंद औषधही मिळतं. दोन्ही टाकू नका. जे भोक बुजवतं तेच रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या बुजवतं. त्यातही तुमच्या नळ्या आधीच क्षारांनी अरुंद झालेल्या असणार.

आणि आता बुडबुडे. बुडबुडे दिसले म्हणजे हेड पॅकिंग गेलं, हे तुमच्या गाडीत तरी लगेच मान्य करू नका. बुडबुड्यांची तीन कारणं असू शकतात. पहिलं, नुसती अडकलेली हवा. तुम्ही सारखं वरून पाणी टाकताय, हवा आत जातेच. हे बुडबुडे पाच-दहा मिनिटांत कमी होत थांबतात. दुसरं, हेड पॅकिंगमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. हे थांबत नाहीत, रेस वाढवली की वाढतात. तिसरं कारण एलपीजी गाड्यांतच असतं आणि ते बहुतेकांच्या डोक्यात येत नाही: व्हेपोरायझरच्या आतलं गॅस्केट फाटून एलपीजीच पाण्यात शिरतोय. व्हेपोरायझरमध्ये एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला गरम पाणी असतं, मधे फक्त पातळ भिंत आणि एक गॅस्केट. वर्षभर थर्मोस्टॅटशिवाय तो गार चालवलाय, म्हणून मला ही शक्यता तुमच्या बाबतीत खरी वाटते.

वेगळं ओळखणं अवघड नाही. मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट, स्टोव्ह काही नको. थंड गाडी पेट्रोलवर टाका, डिकीतल्या टाकीचा गॅसचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. कॅप काढून गाडी पेट्रोलवर चालू करा आणि दहा मिनिटं बघा. बुडबुडे थांबले तर इंजिन बंद करा, गॅसचा व्हॉल्व्ह उघडा आणि गाडी गॅसवर चालवून पुन्हा बघा. गॅसवर येतात आणि पेट्रोलवर येत नाहीत, रेडिएटरच्या तोंडाशी गॅसचा वास येतो, तर हेडचा काही संबंध नाही. व्हॉल्व्ह लगेच बंद करा, गाडी पेट्रोलवरच चालवा आणि अधिकृत किटवाल्याकडून व्हेपोरायझरची दुरुस्ती किट टाकून घ्या किंवा तो बदलून घ्या. रस्त्यावर कोणाकडून उघडून घेऊ नका. अशी एक गाडी हेड उतरवायच्या बेतात असताना आमच्याकडे आली होती. पेट्रोलवर टाकल्यावर दोन मिनिटांत रेडिएटरचं तोंड शांत झालं.

पेट्रोलवरही बुडबुडे चालूच राहिले तर निळ्या औषधाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी लावून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळलेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. ही टेस्टही पेट्रोलवरच करा. जोडीला आणखी पुरावे बघा: सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पाणी तापायच्या आधीच, एक-दोन मिनिटांत, वरचा होज दगडासारखा कडक होणं, सुरुवातीची काही सेकंदं एक सिलिंडर न चालणं, प्लग काढल्यावर एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणं, गाडी तापल्यावरही पांढरा धूर चालू राहणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने येते. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी चालवू नका.

एक तपासणी राहिली. काटा खरं बोलतोय का? थर्मोस्टॅटच्या घरावर काळी पट्टी लावून तापमान मोजा आणि काट्याशी ताडून बघा. हेडलाइट लावल्यावर काटा वर सरकत असेल तर अर्थिंग खराब आहे, इंजिन नाही. उलटा धोका मोठा आहे: पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली येतो आणि इंजिन आत जळत असतं. चढलेला काटा गाडी चालू असताना अचानक पडला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घेऊन बंद करा.

हे सगळं लिहून झाल्यावर माझा अंदाज विचाराल तर: सिग्नलला फॅन किंवा मधला कचरा, घाटात थर्मोस्टॅट नसणं आणि क्षारांनी अरुंद झालेला रेडिएटर, पाणी जाण्याला एखादा बाहेरचा सांधा, आणि बुडबुड्यांना बहुधा हवा किंवा व्हेपोरायझर. पण अंदाजावर खर्च करू नका, याच क्रमाने बघत या. जाळीवर गार पट्टे निघाले तर रेडिएटर बदलणं योग्यच. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरसारखं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून, कथलाचा डाग देऊन चालत नाही. हेड उघडायची वेळ आलीच तर नुसतं पॅकिंग बदलू देऊ नका. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असला तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायचं, आणि बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने कसायचे.

दुरुस्ती झाल्यावर सिस्टिम साध्या पाण्याने दोनदा धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी नको. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल हा काही सगळ्या कंपन्यांचा एकच नियम नाही, डब्यावरचा प्रकार वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, कॅप उघडी. इंजिन आयडलला चालू ठेवून वरचा होज मधूनमधून दाबा, थर्मोस्टॅट उघडून पातळी एकदम खाली गेली की भर घाला, फॅन लागेपर्यंत हे चालू ठेवा. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. झाकण लावलेल्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून गॅरेजला द्या.

तोपर्यंत गाडी वापरायचीच असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळनंतर, एसीशिवाय, पेट्रोलवर, रोज थंड इंजिनात पातळी बघून. तुळजापूर सध्या एसटीने. वाटेत काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा फुल करा, काचा खाली घ्या, उकाडा सहन करा, त्याने इंजिनातली बरीच उष्णता बाहेर पडते. वाफ दिसत नसेल आणि फॅन फिरत असेल तर बाजूला थांबून आयडलला दोन मिनिटं काटा उतरतो का बघा. वाफ दिसली, पाणी सांडलं किंवा काटा उतरला नाही तर लगेच बंद करा. ढाब्यावरची बादली आणून तापलेल्या इंजिनावर ओतायला कोणी धावून आला तर त्याला अडवा. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो, आणि मग वरच्या सगळ्या तपासण्यांचा काही उपयोग राहत नाही.